ठराव क्रमांक सात

शनिवार, १ फेब्रुवारी. सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे.

स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी उभा राहून शर्टाचे बटण शिवत होतो, तेवढ्यात फोन थरथरला. या महिन्याचे चार शेअर खात्यात जमा झाल्याचा संदेश. आता एकूण दोनशे. सुई तशीच बटणात ठेवून मी तो आकडा पुन्हा वाचला. मग बटण पुरे केले. ते थोडे वर लागले आहे, पण उसवणार नाही.

आजपासून रोजनिशी लिहिणार आहे. कारण कालचे बोलणे. संध्याकाळी शटर ओढता ओढता उस्ताद म्हणाले, "भांडवलदार, दोन वर्षांनी मी दमणार आहे. तेव्हा हे दुकान घेशील का?"

उस्ताद म्हणजे माझे मालक. कॉम्प्युटर दुरुस्तीचे त्यांचे दुकान आहे, मी तिथे सात वर्षे काम करतो. मी शेअर घेतो हे कळल्यापासून ते मला भांडवलदार म्हणतात.

मी विचारले, "केवढ्याला?"

"चार लाख. माळ्यावरच्या मेलेल्या मशिनींसकट."

"आणि पार्टचं खातं?"

"तेच तर विकतोय. बाकी काय आहे, चार स्टुलं आणि मी."

ते बरोबर बोलले. आमच्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ मशिनी एकाच मोठ्या कंपनीच्या असतात. तिचे सुटे भाग घाऊक भावात मिळायचे खाते या भागात फक्त आमच्याकडे आहे, सोळा वर्षांपासून. खाते नसेल तर दुकान म्हणजे नुसती खोली.

माझे दोनशे शेअरसुद्धा त्याच कंपनीचे आहेत. आजच्या भावाने तीन लाख दहा हजार होतात. दर महिन्याला चार घेत राहिलो आणि भाव पडला नाही, तर दोन वर्षांत चार लाखांच्या वर जातात. भाव पडला तर काय, याचा विचार रात्री केला. झोप लागली नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी.

ताईने आज पुन्हा तोच विषय काढला. मी ताईकडेच राहतो. ती कपडे शिवते आणि शिवता शिवता बोलते, त्यामुळे तिच्या बोलण्यातही टाचण्या असतात.

"मशीन बिघडली की तुझ्या दुकानाचा फायदा. चांगली चालली की तुझ्या कंपनीचा फायदा. बाबू, तू नक्की कुणाच्या बाजूचा?"

मी म्हणालो, दोन्हीकडे पैसे असले की जोखीम विभागली जाते.

"जोखीम विभागली जाते म्हणे. नववीत गणित विभागता आलं असतं तर आज हे ऐकावं लागलं नसतं."

मी शेअर का घेतले ते इथे एकदा नीट लिहून ठेवतो. चार वर्षांपूर्वी दवाखान्याच्या हिशेबनिसांकडे मशीन पोहोचवायला गेलो होतो. ते चिडले होते. कंपनीने त्यांना हिशेबाचा नवा प्रोग्राम दिला होता आणि आता त्याचे दर महिन्याला पैसे मागत होती. "मशीन एकदाच घेतली, संपला विषय. हे मात्र दूधवाल्यासारखे दर महिन्याला दारात!" असे ते म्हणाले. ते पैसे भरणार हे मला दिसत होते, कारण सगळा हिशेब त्या प्रोग्राममध्ये होता. मी परत येताना विचार केला की मशीन एकदाच विकली जाते आणि सेवा कायम विकली जाते. जी कंपनी मशिनींकडून सेवेकडे चालली आहे तिच्यात पैसे ठेवावेत आणि हलवू नयेत. पुढच्या महिन्यापासून घ्यायला लागलो. सुरुवातीचे एकशे दहा शेअर आईच्या विम्याच्या पैशांतून घेतले, मग महिन्याला एक-दोन, आणि अलीकडे चार.

उस्तादांचे नेमके उलट आहे. आज एक बाई बंद पडलेली मशीन घेऊन आल्या. आत नुसती धूळ होती. उस्तादांनी ब्रश फिरवला, फुंकर मारली, मशीन चालू झाली. "किती झाले?" म्हणाल्या. उस्ताद म्हणाले, "काही बिघडलंच नव्हतं. पैसे कसले?" दिवसाला असे दोघे-तिघे येतात. मी मालक झाल्यावर धुळीचे पैसे घेईन. हे अजून त्यांना सांगितलेले नाही.

शनिवार, ८ मार्च.

कंपनीचा वार्षिक अहवाल आला. दोनशे अठ्ठेचाळीस पाने. मी सगळा वाचायचे ठरवले आहे. शेजारी शब्दकोश ठेवला. ताई म्हणते, परीक्षेला एवढा बसला असतास तर.

अध्यक्षांनी लिहिले आहे की आपण आता यंत्रे बनवणारी कंपनी राहणार नसून ग्राहकाच्या कामाची जबाबदारी घेणारी कंपनी होणार आहोत. चार वर्षांपूर्वी मला जे वाटले तेच त्यांनी आता लिहिले. बरे वाटले.

रविवार, १६ मार्च.

मतदान केले. भागधारकाला मत असते हे मला माहीत होते, पण आजवर कधी दिले नव्हते. एकूण अकरा ठराव. प्रत्येक वाचूनच मत दिले. संचालकांच्या पगाराचे दोन ठराव होते, त्यांना विरोध केला, कारण पगार फारच जास्त आहेत. बाकी नऊ मंजूर.

ठराव क्रमांक सातवर थोडा थांबलो. सुट्या भागांची बाहेरची विक्री टप्प्याटप्प्याने बंद करणे आणि दुरुस्ती कंपनीच्या सेवा-कराराखाली आणणे, असा तो ठराव होता. खाली कारण दिले होते की त्यामुळे सेवेचे उत्पन्न वाढेल. बाहेरची विक्री म्हणजे बाहेरच्या मोठ्या व्यापाऱ्यांना जी होते ती असणार. ते साठा करून भाव पाडतात, हे उस्ताद नेहमी म्हणतात. आपण तर सोळा वर्षांचे खातेदार, म्हणजे आतलेच. कंपनीच्या दृष्टीने ठराव चांगला आहे. मंजूर केला.

माझ्या दोनशे चार मतांनी काही फरक पडणार नाही. तरी पोचपावती छापून घेतली.

शनिवार, ५ एप्रिल.

सकाळी कंपनीचा माणूस आला होता. भाग पोहोचवणाऱ्यांचा मुकादम, त्याला आम्ही निळा शर्ट म्हणतो. तो नेहमी स्टुलावर बसून चहा घेतो. आज आत आलाच नाही. उस्तादांना बाहेर बोलावले आणि दोघे शेजारच्या लॉन्ड्रीच्या पुढे उभे राहिले. उस्तादांनी मला सोल्डरची तार आणायला पाठवले. तार अर्धे रीळ शिल्लक होती, पण गेलो.

परत आलो तर उस्ताद एकटेच बसले होते. पुढ्यात मशीन उघडी होती आणि स्क्रू त्यांनी एकाच वाटीत टाकले होते. लांब आणि आखूड वेगळे ठेवायला त्यांनीच मला शिकवले.

दुपारी अचानक म्हणाले, "दोन वर्षं कशाला थांबायचं? उन्हाळा सरला की घेऊन टाक. साडेतीन दे."

पन्नास हजार कमी! मी विचारले, "का हो, उस्ताद?"

"गुडघे दुखतात."

घरी ताईला सांगितले. तिने मशीन थांबवली. ती सहसा थांबवत नाही. "स्वतःहून पन्नास हजार सोडले? गुडघ्यांसाठी?"

"त्यांचा माझ्यावर जीव आहे," मी म्हणालो.

"असेल. पण जीव आणि पन्नास हजार एकाच दिवशी?"

ताईला कोणाचे चांगले बघवत नाही असे नाही, पण तिला ते आधी उलटे करून बघायची सवय आहे. कापडासारखे.

शनिवार, १७ मे.

मी महिन्यातून एकदाच भाव बघतो, पहिल्या शनिवारी. तो नियम आज मोडला, कारण बातमीच आली. सगळे ठराव मंजूर झाले आणि शेअर एका दिवसात शेकडा चौदा चढला. माझे दोनशे बारा शेअर तीन लाख चौऱ्याहत्तर हजारांवर गेले. म्हणजे दुकानाची किंमत आजच हातात आहे.

उस्तादांना सांगितले. ते हातातला ब्रश पुसत राहिले. "चौदा टक्के? कशामुळे?"

"सेवेवर भर देणार म्हणून."

"हं," म्हणाले. "तुझ्या कंपनीचं बरं चाललंय."

त्यांनी आनंद दाखवला नाही. मालकाला आपला माणूस वर जाताना थोडे लागतच असेल.

बुधवार, ११ जून.

उस्तादांचे वय झाले याची आज खात्री पटली. त्यांनी तीस पॉवर सप्लाय मागवले. आम्हाला महिन्याला तीन लागतात. शिवाय बारा बोर्ड आणि चाळीस पंखे. सगळे स्वतःच्या पैशांनी, खोकी माळ्यापर्यंत रचली.

मी म्हणालो, "एवढे कशाला? पैसे अडकून पडतील."

"असू देत."

"पण तीस?"

"असू देत म्हटलं ना! दुकान घेतोयस की पोलिसी पंचनामा करतोयस?"

तेहतीस हजारांचे नुसते पॉवर सप्लाय आहेत. याच पैशांचे अठरा शेअर आले असते.

दुसरे म्हणजे, ते मला जुन्या, दुसऱ्या कंपन्यांच्या मशिनी शिकवायला लागले आहेत. त्या आता कोणी आणत नाही. मेलेल्या बोर्डावरून चांगला भाग कसा काढायचा, कुठे किती उष्णता द्यायची, हे रोज एक तास. मी विचारले, नवीन पार्ट मिळत असताना हे कशाला? "हात बसू दे," म्हणाले. घाई असल्यासारखे शिकवतात आणि चुकलो की चिडतात. पूर्वी चिडत नसत.

मंगळवार, १ जुलै.

आज लिखापढी होती. कागद करणारा दहा वाजता टाईप केलेला मसुदा घेऊन आला. मी नवे पेन नेले होते. शेअर विकायचा आदेश फोनवर भरून ठेवला होता, फक्त बटण दाबायचे बाकी होते.

उस्तादांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग म्हणाले, चष्मा बदलायला झालाय, अक्षरं नीट दिसत नाहीत. कागद करणाऱ्याने मोठ्याने वाचून दाखवला. मग म्हणाले, घरी एकदा विचारतो.

"उस्ताद, काकूंना माहीत नाही?"

"माहीत आहे. पण विचारतो."

कागद करणारा येण्याजाण्याचे पैसे मागत होता, ते मी दिले.

शनिवार, ५ जुलै.

चार दिवस झाले, उस्ताद विषय काढत नाहीत. मी विचार केला. एप्रिलमध्ये त्यांनी किंमत सांगितली तेव्हा माझ्याकडे कमी होते. मे महिन्यात मीच शेअर चढल्याचे सांगितले. चूक माझी आहे. त्यांना आता साडेतीन कमी वाटत असणार आणि बोलायला संकोच होत असणार. म्हणून आज मीच म्हणालो, "उस्ताद, तीन साठ चालतील."

त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"तीन पंच्याहत्तर," मी म्हणालो. "त्याच्या वर माझ्याकडे नाहीत."

त्यांनी पक्कड टेबलावर आपटली. "तुला मी एवढा हावरट वाटतो?"

"नाही, पण..."

"जा, चहा सांग जा."

मी चहा सांगितला. ते न पिता उठून बाहेर गेले. पुढचा आकडा मला सुचत नाही. ताईकडे उसने मागावे लागतील.

शनिवार, २ ऑगस्ट.

ताईने चार हजार दिले. एवढ्याने काही होणार नाही हे तिलाही माहीत आहे.

दुपारी काकूंनी घरी बोलावले होते. उस्ताद दुकानात होते. काकूंनी खुर्ची पुसून दिली. इकडचे तिकडचे बोलल्या आणि मग म्हणाल्या, "बाळा, तुझं वय काय? चोवीस. एवढ्यात कशाला गळ्यात बांधून घेतोस? जरा जग बघ. नोकरी कर कुठे."

मी म्हणालो, "काकू, मला दुकानच हवंय."

"तेच तर." मग त्या बराच वेळ कपाची किनार पुसत होत्या. "हे झोपत नाहीत रे हल्ली. मी म्हटलं, एक काय ते करा. विका नाहीतर सांगा."

"काय सांगा?"

"काही नाही. गुडघ्यांचं."

काकूंना दुकान घराबाहेर जाऊ द्यायचे नाही, असे माझे मत झाले. त्यांचा मुलगा लांब असतो आणि त्याला दुकानात रस नाही, पण आईचे मन.

सोमवार, १५ सप्टेंबर.

जमेल तितके क्रमाने लिहितो.

सकाळी दवाखान्याच्या हिशेबनिसांची मशीन आली. बोर्ड जळला होता. त्याच मापाचा बोर्ड माळ्यावर नव्हता, म्हणून मी मागणी पाठवली. ती परत आली. पुन्हा पाठवली. पुन्हा परत. उस्ताद म्हणाले, राहू दे, उद्या बघू. पण हिशेबनिसांना उद्या पगार करायचे होते. मी डेपोवर स्वतः गेलो. उस्ताद मागून हाक मारत होते, मला वाटले पैसे न्यायचे राहिले. हात करून निघालो.

डेपोवर निळा शर्ट होता. पूर्वी तिथे भागांची खोकी छतापर्यंत असायची. आता निम्म्या जागेत खुर्च्या मांडून टेलिफोनवर बोलणाऱ्या मुली बसवल्या आहेत. निळ्या शर्टाने यादी पाहिली.

"तुमचं खातं एक तारखेला बंद झालं की."

मी म्हणालो, काही चूक असेल, आम्ही सोळा वर्षांचे.

"सगळ्यांचंच बंद झालंय. बाहेर पार्ट द्यायचाच नाही आता. ज्याची मशीन बिघडेल त्याने आमच्याशी करार करायचा, आमचा माणूस जाणार. मी एप्रिलमध्येच येऊन सांगून गेलो होतो. तुमचे उस्ताद बोलले नाहीत?"

मी विचारले, हे कोणी ठरवले.

"वरून आलं. भागधारकांनी मंजूर केलंय, ठराव सात." मग तो म्हणाला, "तू कशाला काळजी करतोस? आम्हाला माणसं हवीच आहेत. हात चांगला आहे तुझा. पगार, गाडी, दोन शर्ट." त्याने अर्ज दिला. मी घडी करून खिशात ठेवला.

परत येताना मी चालत आलो. वाटेत मनात फार काही नव्हते. ठरावातले शब्द आठवायचा प्रयत्न केला. सगळे आठवले. बाहेरची विक्री. त्यात आम्ही आहोत हे तिथे स्पष्टच लिहिले होते, मीच वाचताना उंबऱ्याच्या आत उभा होतो.

दुकानात उस्ताद शटर अर्धे ओढून बसले होते.

"काय म्हणाले?"

"खातं बंद."

"आणखी?"

"एप्रिलमध्ये तुम्हाला सांगितलं होतं म्हणाले."

"हो," उस्ताद म्हणाले. मग म्हणाले, "कळलं त्याच दिवशी तुला साडेतीनची किंमत सांगितली. म्हटलं, दुसरा कोण घेणार? आणि पैसे लागणार होते. गाठीला काही नाही माझ्या, तुला माहीत आहे." त्यांनी टेबलावरचा ब्रश उचलून पुन्हा ठेवला. "सही करता येईना. तू नवं पेन घेऊन आला होतास. आणि वर भाव वाढवत होतास, गाढवा! साडेतीन, साठ, पंच्याहत्तर. मी माणूस आहे की कोण आहे?"

मला बोलायचे होते म्हणून मी म्हणालो, "तो ठराव मीही मंजूर केला."

"कसला?"

"पार्ट बंद करायचा. मतदान होतं. दोनशे चार मतं. मंजूर केलं. पोचपावती आहे घरी."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज आला. डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे माझं दुकान तू बंद केलंस. आणि बंद पडलेलं दुकान मी तुला विकत होतो!" शेजारचा लॉन्ड्रीवाला डोकावून गेला. त्यालाही सांगितले. तो हसला नाही, त्याला ते शेअरचे कळले नाही.

त्यात हसण्यासारखे काय होते ते मला अजून समजलेले नाही. पण उस्ताद एप्रिलनंतर पहिल्यांदा हसले, एवढी नोंद करतो.

हिशेबनिसांची मशीन माळ्यावरच्या मेलेल्या मशिनीचा बोर्ड काढून चालू केली. मीच केली. उस्ताद दिवा धरून उभे होते. सव्वादोन तास लागले. पगार होतील.

गुरुवार, १८ सप्टेंबर.

निळ्या शर्टाचा अर्ज ताईला दाखवला. ताई म्हणाली, "भर. दोन शर्ट देताहेत, मला शिवावे लागणार नाहीत." मग म्हणाली, "पण तुझ्या तोंडाकडे बघून वाटत नाही तू भरशील."

मी भरायला घेतला होता. चौथ्या रकान्यात शाळा सोडल्याचा दाखला मागितला आहे, दहावीचा. तो माझ्याकडे नाही. म्हणून अर्ज भरला नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर.

या महिन्यात शेअर घेतले नाहीत. चार वर्षांत पहिल्यांदाच.

एक गोष्ट लक्षात आली ती लिहितो. कंपनी ज्या कार्यालयाशी मासिक करार करते, तिथल्या जुन्या मशिनी उचलून नेते आणि भंगारवाल्याला किलोने देते. आमचा लॉन्ड्रीवाला म्हणतो, त्याच्या मेहुण्याकडे ढीग लागला आहे. चांगल्या मशिनी. एका मशिनीचा पंखा गेलेला, दुसरीचा बोर्ड. तीन मशिनींतून दोन उभ्या राहतात. आणि ज्यांना मासिक पैसे भरायचे नाहीत अशी छोटी कार्यालये, शाळा, गोदामे यांच्याकडे त्याच जुन्या मशिनी आहेत. त्यांना पार्ट आता कुठेच मिळणार नाही.

उस्तादांना म्हणालो, त्या लोकांशी आपण वर्षाचा करार करायचा. एका मशिनीला वर्षाला चोवीसशे. बिघडली तर दुरुस्त, नाही बिघडली तरी पैसे.

उस्ताद म्हणाले, "न बिघडलेल्या मशिनीचे पैसे?"

"हो."

"लाज नाही वाटणार?"

"कंपनी तेच करते. म्हणूनच चौदा टक्के चढली."

"चोरांकडून शिकलास ते बरं."

"उस्ताद, मी भागधारक आहे. शिव्या मोजून द्या."

मी कधी विनोद करत नाही. हा झाला.

मग ते म्हणाले की विकणार तर नाहीच, आता विकायला काही नाही. निम्मे निम्मे करू. मी विचारले, निम्म्याचे किती द्यायचे? "शून्याचं निम्मं किती ते शब्दकोशात बघ," म्हणाले.

बुधवार, ८ ऑक्टोबर.

चाळीस शेअर विकले. अठराशे वीसचा भाव मिळाला, बहात्तर हजार आठशे आले. दीर्घकाळ ठेवायचे म्हणून घेतले होते. बाकीचे एकशे अठ्ठ्याऐंशी ठेवले आहेत. कंपनी चांगली आहे, माझे मत बदललेले नाही. तिने जे केले ते मीही केले असते. खरे म्हणजे केलेच.

सोमवार, २० ऑक्टोबर.

पहिला करार दवाखान्याशी, सहा मशिनी. हिशेबनीस म्हणाले, "वर्षभर काहीच बिघडलं नाही तर पैसे परत ना?"

मी नाही म्हणालो. उस्ताद शेजारी बसले होते. त्यांचे कान लाल झाले. ते मध्येच म्हणाले, "पण दर महिन्याला येऊन धूळ काढून जाऊ. हवी तर खिडक्यांचीही."

हिशेबनीस हसले आणि सही केली. बाहेर आल्यावर मी म्हणालो, खिडक्यांचे करारात नाही. उस्ताद म्हणाले, "मला तरी काहीतरी केल्यासारखं वाटू दे."

रविवार, ३० नोव्हेंबर. सकाळचे सव्वासात.

महिनाअखेर. पाच करार, तेवीस मशिनी. पुरेसे नाहीत. दुकानाचे भाडे आणि दोघांचे सुटायला साठ तरी हवेत. एका शाळेने विचार करतो म्हटले आहे, एका गोदामाने नाही म्हटले. नाही जमले तर उन्हाळ्यात आणखी शेअर विकावे लागतील. मग नोकरी. दहावीचा फॉर्म बाहेरून भरता येतो का ते विचारून ठेवले आहे.

जूनमध्ये घेतलेले तीस पॉवर सप्लाय उपयोगी पडले. तेरा लागले. उस्तादांच्या चुकीचा फायदा झाला. त्यांना तसे म्हणालो तर म्हणाले, "हो रे बाबा, चूकच."

झालेला खर्च:
भंगारातल्या मशिनी, ६४, प्रत्येकी सातशे: ४४,८००
वाहतूक, दोन खेपा: ३,६००
माळ्यावरच्या लोखंडी फळ्या: ९,४००
करारपत्रांची छपाई: १,२००
एकूण: ५९,०००
शेअर विकून आलेल्यांपैकी शिल्लक: १३,८००

येणे:
करारांचे दुसरे हप्ते: २७,६००. पहिले तेवढेच आले होते, ते भाड्यात आणि घरखर्चात गेले.

देणे:
ताईला: ४,०००. ती मागत नाही, फक्त आठवण करून देते.
उस्तादांना, पॉवर सप्लायचे निम्मे: १६,५००. ते घेत नाहीत. मी दर महिन्याला लिहीत राहणार.

वेगळे:
कंपनीचा लाभांश परवा जमा झाला, २,७३६. मी तो करारांच्या पैशांत मिळवणार होतो. उस्ताद म्हणाले, नको, वेगळ्या डब्यात ठेव. मी विचारले, का? म्हणाले, "आपल्याच दुकानाचे पैसे आहेत ते. निदान ओळखू तरी येऊ देत."

डबा घेतला: ४०.